बेडपाशी येणारी औषधं: सेवा घ्यावी का, आणि सही करण्याआधी काय पाहावं

अमेरिकेतल्या अनेक मोठ्या हॉस्पिटलांत डिस्चार्जच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘घरी न्यायची औषधं इथेच खोलीत आणून देऊ का?’ या सेवेचं तिथलं रूढ नाव ‘मेड्स टू बेड्स’. हॉस्पिटलची बाह्यरुग्ण फार्मसी, किंवा आवारातच दुकान थाटलेली एखादी फार्मसी, डॉक्टरांनी लिहिलेली औषधं तयार करते आणि तिचा माणूस पिशवी घेऊन खोलीत येतो. पैसे, माहिती, सही, सगळं बेडपाशीच होतं. आणून देण्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत, औषधांचा को-पे, म्हणजे इन्शुरन्सने न भरलेला आपला वाटा, तेवढा भरायचा असतो.

मत आधीच देऊन टाकायचं तर, सेवा जरूर घ्यावी. पण ‘यामुळे रिअ‍ॅडमिशन कमी होतात’ हा दावा जसाच्या तसा मान्य करू नये. पिशवी खोलीत आल्याने एक गोष्ट नक्की होते, औषध हातात पडतं. पेशंट महिन्याभरात परत येणार की नाही, याचा संबंध मात्र पिशवी भरण्याआधी औषधांच्या यादीवर किती काम झालं आणि पिशवी देताना काय बोलणं झालं, याच्याशी जास्त आहे. काही हॉस्पिटलं हे काम मनापासून करतात, काही फक्त पिशवी पोचवतात. बाहेरून दोन्हीकडे सेवा सारखीच दिसते.

औषध हातात पडणं ही छोटी गोष्ट आहे असं मात्र कोणी समजू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये जवळपास दोन लाख ई-प्रिस्क्रिप्शनांचा अभ्यास झाला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने सुरू केलेल्या औषधांपैकी सुमारे २८ टक्के औषधं कोणी दुकानातून उचललीच नव्हती. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवलेल्या सात हजारांहून अधिक पेशंटच्या नोंदी तपासल्या. साधारण सहांतल्या एकाने डिस्चार्जच्या दिवशी क्लोपिडोग्रेल हे गुठळी रोखणारं औषध दुकानातून घेतलेलं नव्हतं, आणि ज्यांनी उशीर केला त्यांच्यात हार्ट अटॅक आणि मृत्यू जास्त आढळले. नव्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त असतो. तिथे दोन दिवसांची ढिलाईसुद्धा चालत नाही.

लोक औषध का उचलत नाहीत, याचं उत्तर बहुतेकदा आळस नसतं. संध्याकाळी सहाला डिस्चार्ज मिळतो, नेहमीच्या दुकानात ते औषध शिल्लक नसतं, इन्शुरन्स ‘प्रायर ऑथरायझेशन’ मागतो, म्हणजे डॉक्टरांनी आधी मंजुरी घ्यावी लागते. किंवा काउंटरवर किंमत ऐकून माणूस ‘नंतर बघू’ म्हणून घरी जातो. ही सेवा नीट चालली तर यातली प्रत्येक अडचण पेशंट बेडवर असतानाच उघडी पडते. डॉक्टर त्याच मजल्यावर असतात, औषध बदलता येतं. सेवेचं खरं मोल इथे आहे. चार पावलं वाचतात ते वरकड.

मग रिअ‍ॅडमिशनचे आकडे तितके का हलत नाहीत? आधी हॉस्पिटलांना यात एवढा रस का, ते पाहू. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) असलेल्या पेशंटपैकी जवळपास पाचातला एक ३० दिवसांत पुन्हा भरती होतो, असं २००९ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं. ऑक्टोबर २०१२ पासून मेडिकेअरने अपेक्षेपेक्षा जास्त रिअ‍ॅडमिशन असलेल्या हॉस्पिटलांचे पैसे कापायला सुरुवात केली. कपात आता जास्तीत जास्त ३ टक्क्यांपर्यंत जाते. मोजणी हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), बायपास आणि गुडघा-खुब्याचं सांधारोपण या सहा गटांची होते. यात मेख अशी की आधी न ठरवलेली कुठलीही भरती धरली जाते. हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी घसरून पडला आणि खुबा मोडला, तरी तो मोजला जातो. म्हणजे परत येणाऱ्यांपैकी काहीच जण औषधांमुळे येतात, त्यातल्याही काहींनाच औषध मिळालेलं नसतं, आणि पिशवी सोडवते तो प्रश्न फक्त त्या शेवटच्या छोट्या गटाचा असतो. सेवा कितीही चोख चालली तरी एकूण आकड्यात मोठी घट दिसेल, ही अपेक्षाच चुकीची.

हॉस्पिटलांच्या स्वतःच्या अहवालांत मोठी घट दिसते, त्याचं एक कारण तुलनेत दडलेलं असतं. पिशवी कोणाला मिळते? जो आठवड्याच्या कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, थेट स्वतःच्या घरी जातो, ज्याचा इन्शुरन्स चालतो आणि ज्याच्याजवळ कार्डाने पैसे भरणारं कोणीतरी आहे त्याला. नर्सिंग होमला, म्हणजे तिथल्या शुश्रूषा केंद्रात, जाणारे, रात्री सुटणारे, डॉक्टरांचं न ऐकता निघून जाणारे, इन्शुरन्स नसलेले हे सगळे ‘न घेतलेल्यां’च्या रकान्यात जातात, आणि परत भरती होण्याचा धोका मुळात त्यांनाच जास्त. तेव्हा ‘घेतलेले’ आणि ‘न घेतलेले’ अशी सरळ तुलना करणाऱ्या तक्त्यावर विसंबू नये. हॉस्पिटलच्या बैठकीत ‘कॅप्चर रेट’ हा शब्द वारंवार येत असेल, तर तिथे डिस्चार्जची किती प्रिस्क्रिप्शनं आपल्याच फार्मसीत आली हे मोजलं जातंय. तो धंद्याचा आकडा आहे, पेशंटच्या तब्येतीचा नाही.

फायदा स्पष्ट दिसतो तो औषधं मोजकी आणि वापर सोपा असतो तिथे. बॉस्टनमध्ये दम्याच्या मुलांसाठी असा प्रकल्प झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. औषध हातात घेऊन घरी जाणाऱ्या मुलांचं प्रमाण शून्यापासून ७५ टक्क्यांच्या वर गेलं, आणि अशी मुलं ३० दिवसांत इमर्जन्सीत कमी परत आली. दम्याच्या झटक्यानंतर लागतात ती औषधं दोन-तीनच: स्टिरॉइडचा थोड्या दिवसांचा कोर्स, एक इनहेलर, एक स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी). ती मिळाली की बरंचसं काम होतं. आता याच्या शेजारी डेन्मार्कची २०१८ ची चाचणी ठेवा. तिथे बरीच औषधं घेणारे चौदाशेहून अधिक पेशंट तीन गटांत वाटले होते. एका गटाला नेहमीची सेवा, दुसऱ्यात फार्मासिस्टने फक्त यादी तपासली, तिसऱ्यात यादी तपासून पेशंटशी सविस्तर बोलणं झालं आणि घरी गेल्यावर पेशंट, त्याचा डॉक्टर व त्याची फार्मसी यांच्याशी संपर्क ठेवला. रिअ‍ॅडमिशन तिसऱ्या गटात घटली, नुसती यादी तपासलेल्या दुसऱ्या गटात नाही. अमेरिकेतच २०१२ मध्ये हृदयरोगाच्या पेशंटवर अशीच एक चाचणी झाली होती. तिथे फार्मासिस्टने समजावून आणि नंतर फोन करूनही साधारण निम्म्या पेशंटच्या औषधांत पहिल्या महिन्यात एकतरी महत्त्वाची चूक झाली, आणि नेहमीची सेवा मिळालेल्या गटाशी तुलना करता फरक पडला नाही. समजावणंसुद्धा रामबाण नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

चूक नेमकी कुठे होते ते हार्ट फेल्युअरच्या पिशवीत सगळ्यात नीट दिसतं. समजा, पिशवीत फ्युरोसेमाइड, मेटोप्रोलोल सक्सिनेट, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन आहे. पाचही औषधं बरोबर, पाचही वेळेवर मिळाली. पण घरच्या कपाटात लिसिनोप्रिलची अर्धी बाटली आहे, मेटोप्रोलोल टार्ट्रेट आहे, पोटॅशियमच्या गोळ्या आहेत आणि पाठदुखीसाठी आणलेलं आयबुप्रोफेन आहे. पेशंट नवी पाच घेतो आणि सवयीने जुनीही घेतो. लिसिनोप्रिल आणि सॅक्युबिट्रिल एकत्र घेतल्याने घसा आणि जीभ सुजून जिवावर बेतू शकतं. एक बंद करून दुसरं सुरू करताना मध्ये ३६ तास जावे लागतात. दोन्ही मेटोप्रोलोल मिळून नाडी मंद होते, चक्कर येते. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना वर पोटॅशियमची गोळी घेतली तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. आयबुप्रोफेनमुळे अंगात पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. असा पेशंट परत येतो तेव्हा नोंदीत ‘औषधं बेडपाशी दिली’ याच्यापुढे बरोबरची खूण असते.

म्हणून पिशवीबरोबर एक कागद हवाच, आणि त्यावर सुरू करायची, डोस बदललेली आणि बंद करायची असे तीन भाग हवेत. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात असतो. प्रत्येक औषधापुढे ‘पुढचा डोस कधी’ हेही लिहून घ्यावं. सकाळचा डोस नर्सने वॉर्डमध्ये दिलेला असतो, दुपारी पिशवी येते, बाटलीवर ‘रोज एक’ लिहिलेलं असतं आणि घरी पोचल्यावर पेशंट दुसरा डोस घेऊन मोकळा होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत ही चूक महागात पडते. याच कारणाने, निघेपर्यंत पिशवीतली एकही गोळी घ्यायची नाही हे घरच्यांनी पेशंटला बजावून ठेवावं.

हॉस्पिटलमध्ये औषधांची अदलाबदल होते, त्यातून दुसरा घोटाळा होतो. हॉस्पिटलची फार्मसी सगळी औषधं ठेवत नाही. घरी ओमेप्राझोल घेणाऱ्याला तिथे त्याच कामाचं पँटोप्राझोल मिळतं, रोसुवास्टॅटिन घेणाऱ्याला अ‍ॅटोरवास्टॅटिन. डिस्चार्जच्या वेळी कोणी हे परत जुळवलं नाही तर दोन्ही यादीत राहतात आणि पिशवीत एक जादा बाटली येते. पिशवी भरणाऱ्या फार्मासिस्टसमोर घरची जुनी यादी नसेल तर त्याला हे कळायला मार्ग नाही. सेवेचा दर्जा जोखायचा असेल तर एक प्रश्न पुरतो: ‘तुम्ही ही औषधं यांच्या घरच्या यादीशी ताडून पाहिलीत का?’ उत्तर द्यायला वेळ लागला तर यादी स्वतः काढून समोर ठेवावी.

वेळेचं गणित हा या सेवेचा जुना दुखरा भाग. सकाळचा राउंड संपला की सगळ्या वॉर्डांतून प्रिस्क्रिप्शनं एकदम फार्मसीत येऊन आदळतात आणि पेशंट कपडे बदलून खुर्चीत वाट पाहत बसतो. यावर चांगली हॉस्पिटलं आदल्या दिवशी ‘टेस्ट क्लेम’ चालवतात, म्हणजे औषध न देता इन्शुरन्सकडे विचारणा करून को-पे किती, मंजुरी लागते का ते आधीच पाहून ठेवतात. एपिक्सॅबॅन, टिकॅग्रेलॉर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, एनोक्सापॅरिनची इंजेक्शनं, सी-डिफ या आतड्याच्या संसर्गासाठी तोंडाने घ्यायचं व्हँकोमायसिन आणि जवळपास सगळे महागडे इनहेलर यांच्यासाठी हे केलंच पाहिजे. नेहमीची साधी औषधंही आदल्या संध्याकाळी तयार ठेवता येतात. पण त्यात धोका आहे. सकाळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) वाढलेलं दिसतं, फ्युरोसेमाइड ८० मिलिग्रॅमवरून ४० वर येतं, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पाहून रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा डोस बदलतो, आणि पिशवीत मात्र कालचा डोस असतो. त्यामुळे पिशवी देताना बाटलीवरचं लेबल डिस्चार्जच्या अंतिम कागदाशी, आकड्यासकट, ताडून घ्यावं. सही करण्याआधी. औषध एकदा पेशंटच्या ताब्यात गेलं की फार्मसी ते परत साठ्यात घेऊ शकत नाही, आणि पैसे परत मिळवणं कटकटीचं होतं.

जोडीच्या वस्तू राहून जाणं हे तर नित्याचंच. इन्सुलिनचं पेन येतं, पेनच्या सुया येत नाहीत, कारण त्यांचं प्रिस्क्रिप्शन वेगळं लिहावं लागतं. मेडिकेअरमध्ये ग्लुकोमीटरच्या पट्ट्या ‘पार्ट बी’खाली येतात, औषधं ‘पार्ट डी’खाली, आणि हॉस्पिटलच्या प्रत्येक फार्मसीला ‘पार्ट बी’चं बिल लावता येत नाही. नेब्युलायझरचं औषध मिळतं, यंत्र दुसऱ्याच पुरवठादाराकडून यायचं असतं. लहान मुलांच्या पातळ औषधाबरोबर मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज हवी, घरातल्या चमच्याने डोस मोजणं बरोबर नाही. थंड ठेवायची औषधं आणखी वेगळी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणून ते वॉर्डच्या फ्रिजमध्ये जातं आणि पेशंट त्याच्याशिवाय घरी. पिशवीवर ‘एक औषध फ्रिजमध्ये आहे’ अशी ठळक चिठ्ठी लावणाऱ्या फार्मसीला माझ्याकडून वेगळे गुण.

पिशवी आणणारी व्यक्ती बहुतेकदा फार्मसी टेक्निशियन असते. औषधांबद्दल सल्ला देणं तिच्या अधिकारात बसत नाही. ‘काही प्रश्न आहेत का?’ असं विचारून ती सही पुढे करते, आणि थकलेला पेशंट ‘नाही’ म्हणतो. फार्मासिस्टला बोलवा, निदान फोनवर किंवा व्हिडिओवर. चांगला फार्मासिस्ट उलट पेशंटलाच बोलतं करतो, ‘उद्या सकाळी यातल्या कुठल्या गोळ्या घ्याल? घरातल्या कुठल्या टाकून द्याल? वजन दोन दिवसांत वाढलं तर कोणाला फोन कराल?’ इनहेलर असेल तर तो हातात देऊन वापरायला लावतो. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. ज्येष्ठांना इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषा मागावा. सरकारी पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो मोफत द्यावा लागतो आणि मराठी दुभाषाही फोनवर मागता येतो. मुलांनी भाषांतर केलं की ‘दिवसातून दोनदा’ पोचतं, ‘हे घेताना ते घ्यायचं नाही’ हे अनेकदा गळतं.

पैशांबद्दल थोडक्यात. हॉस्पिटलचीच फार्मसी घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही, फार्मसी निवडणं हा पेशंटचा हक्क आहे. काही इन्शुरन्स योजना ठरावीक फार्मसीतच पैसे भरतात किंवा नियमित औषधं टपालानेच घ्यायला लावतात. तिथे हॉस्पिटलमध्ये पहिल्या महिन्याचा खर्च जास्त येऊ शकतो. कंपन्यांची को-पे कमी करणारी कार्डं मेडिकेअर आणि मेडिकेडच्या (कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी विम्याच्या) पेशंटना चालत नाहीत. इन्सुलिनसाठी मात्र मेडिकेअरमध्ये २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आहे. त्याहून जास्त मागितले तर विचारा. भेटीला आलेल्या आईवडिलांचा प्रवासी विमा बहुतेकदा फार्मसीच्या काउंटरवर चालत नाही, पूर्ण किंमत भरून नंतर दावा करावा लागतो. म्हणून आकडा आधी विचारा आणि पावतीबरोबर प्रिस्क्रिप्शनची प्रतही मागून घ्या.

आणि रिफिल, म्हणजे त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध घेण्याची मुभा. सेवा घेणाऱ्यांचं लक्ष ज्याकडे सगळ्यात कमी जातं, ते हे. औषधं साधारण ३० दिवसांची मिळतात, उरलेली रिफिल हॉस्पिटलच्या फार्मसीत अडकलेली असतात, जी घरापासून लांब असते. एकतिसाव्या दिवशी गोळ्या संपतात आणि घराजवळच्या दुकानात नोंदच नसते. हॉस्पिटलची ३० दिवसांची मोजणी तोवर संपलेली असते, त्यामुळे हा खड्डा त्यांच्या आकड्यांत दिसतही नाही. पिशवी घेतानाच नेहमीच्या फार्मसीचं नाव देऊन रिफिल तिकडे वळवायला सांगावं. गुंगीची, नशेची शक्यता असलेली वेदनाशामकं यात येत नाहीत. त्यांचे नियम वेगळे आहेत, ऑक्सिकोडोनसारख्यांना रिफिल नसतंच.

शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी ही सेवा अनेक ठिकाणी बंद असते. शुक्रवारी दुपारनंतर डिस्चार्जची चर्चा सुरू झाली की ‘आज औषधं मिळतील का’ हे नर्सला लगेच विचारा. मिळणार नसतील तर प्रिस्क्रिप्शनं सरळ उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या दुकानात पाठवायला लावा, आणि निघण्याआधी तिथे फोन करून औषध खरोखर शिल्लक आहे का ते विचारून घ्या. स्टेंट, रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन किंवा फिटचं औषध यांपैकी काही असेल तर ते मिळण्याची सोय झाल्याशिवाय खोली सोडू नये.

घरी गेल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत फोन यायला हवा. मेडिकेअरच्या ज्या योजनेखाली डॉक्टर डिस्चार्जनंतरच्या देखभालीचं बिल लावतात, तिची ती अट आहे, आणि आजाराच्या गुंतागुंतीप्रमाणे ७ किंवा १४ दिवसांत भेटही. ‘बरं वाटतंय ना?’ एवढंच विचारणारा फोन कामाचा नाही. फोनवर एकेक बाटली हातात घेऊन नाव वाचायला सांगितलं पाहिजे, जुन्या बाटल्यांचीही. भेटीला जाताना नव्या पिशवीबरोबर कपाटातलं सगळं, व्हिटॅमिन आणि दुकानातून सहज आणलेल्या वेदनाशामकांसकट, एका थैलीत भरून न्यावं.